झाकण आधी, डबा नंतर

छत्रपती संभाजीनगर
८ सप्टेंबर

सायली,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फाडून टाकलं नाहीस, असं धरून लिहिते. माझा नंबर तू ब्लॉक केलास, ई-मेलला उत्तर देत नाहीस. पोस्टमनला मात्र ब्लॉक करता येत नाही.

काल रविवारी दौलताबादला गेले होते. काका किल्ल्याच्या दारासमोर सीताफळांच्या टोपल्यांमागं बसले होते. मला बघून म्हणाले, "ये बाई. माझी पोरगी हिमाचलला पळवून लावली, आता सीताफळं संपवायला आलीस का?" मी म्हटलं, तिचा पत्ता पाहिजे. म्हणाले, "देतो. पण मी दिला असं लिहू नको, ती माझ्याशी पण बोलायची बंद व्हईल." तर पत्ता मला कुणीही दिलेला नाही.

त्यांनी एक विचारलं. तू एवढी वर्षं विद्यापीठात नक्की काय करत होतीस? तू त्यांना कधी सांगितलंच नाहीस म्हणे. मग मी टोपलीची सुतळी सोडली आणि सांगत बसले. म्हटलं, नेहमीचा डीएनए म्हणजे असा दोन पदरांचा पीळ. पण काही जागी, टोकाशी तर नक्कीच, एक पदर सुटा असतो. त्या पदरात 'जी' हे अक्षर पुन्हा पुन्हा आलं की तो स्वतःवरच दुमडतो. चार जी मिळून एक चौकोनी मजला होतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. मजल्यांच्या मध्ये पोटॅशियम बसतं आणि सगळं धरून ठेवतं. ते नसेल तर पदर नुसता लोंबत राहतो.

काकांनी मान वळवून किल्ल्यातल्या चांद मिनारकडं बघितलं. "म्हंजी असं?"

"असंच. पण एका दोऱ्याचं."

"मग सायली काय करायची?"

"मधोमध निकेल असलेली एक चपटी चकती बनवायची. ती या मिनाराच्या गच्चीवर जाऊन बसते, झाकणासारखी. साध्या पिळाला अशी मोकळी गच्ची नसते, तिथं ती टिकत नाही."

"बसून फायदा काय?"

"कॅन्सरच्या पेशी ते टोक सारखं वाढवत राहतात. वर झाकण बसलं तर वाढवायला अडचण होते."

"म्हंजी औषध."

"औषध लई लांब आहे काका. आत्ता फक्त चकती बसते का, एवढंच बघायचं."

"मग बसते का?"

मी एक सीताफळ फोडलं आणि तोंड भरून घेतलं.

कारण तुझं म्हणणं याच्याही पुढचं होतं. पोटॅशियम नसलं तरी चकती स्वतःच दोरा गोळा करते आणि मिनार उभा करते. "झाकण आधी, डबा नंतर," असं तू एप्रिलच्या बैठकीत म्हणालीस आणि सगळे हसले. मग बाहेरून आलेल्या त्या तज्ज्ञांनी विचारलं, हे दुसऱ्या कुणाच्या हातून झालंय का? विशाखा मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मी बरेचदा केलं, माझ्याकडं झालं नाही. ते म्हणाले, "मग याला निकाल म्हणत नाहीत, किस्सा म्हणतात." पुढच्या महिन्यात तू हिमाचलला, बद्दीच्या औषध कारखान्यात गोळ्या तपासायला गेलीस. मी तेव्हा जे बोलले ते आजही बोलेन. माझ्याकडं झालं नव्हतं. पण तू आकडे मनानं लिहिलेस असं मी कधीच म्हटलं नाही. आणि आता माझ्याकडं त्याचं कारण आहे. त्यासाठीच हे पत्र.

मागच्या आठवड्यात मी बिनपोटॅशियमचं द्रावण केलं आणि त्याचा पीएच बघायला इलेक्ट्रोड बुडवला. तेवढ्यात अम्मीचा फोन आला. अम्मीचा फोन किती चालतो तुला ठाऊक आहे. इलेक्ट्रोड तसाच बुडालेला राहिला. नंतर त्या द्रावणात मी नुसता कोरा दोरा टाकला, चकती नाही, काही नाही, आणि यंत्रावर बघितलं तर रेघ सपाट नाही, वर चढलेली, म्हणजे समोर मिनार. मी यंत्राला नावं ठेवली, मग दोरा विकणाऱ्यांना. मग आठवलं, इलेक्ट्रोडच्या पोटात पोटॅशियम क्लोराइडच भरलेलं असतं. ते जरा जरा झिरपतं. आपल्या बिनपोटॅशियमच्या द्रावणात पोटॅशियम आपणच ओतत होतो.

आणि लगेच तू डोळ्यांपुढं आलीस. इलेक्ट्रोड बुडवून चहाला जाणारी.

सायली, तुझा मिनार पोटॅशियमचा होता. चूक होती, लबाडी नव्हती. मॅडमना अजून बोलले नाही, म्हटलं पहिलं तुला कळवावं. त्यांनी तुझी पीएचडीची नोंदणी रद्द केलेली नाही. विद्यापीठाला नोव्हेंबरअखेर सांगावं लागेल, तू आहेस की नाहीस ते. माझं म्हणणं, तू असावंस. निकाल गेला म्हणून काय झालं, आपण दुसरं काही करू.

तुझा कप मी वापरत नाही. म्हणजे रोज वापरत नाही.

मुबश्शिरा


२२ सप्टेंबर

सायली,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. "मग माझा कोरा दोरा का नाही दुमडला?" वर नाव नाही, खाली सही नाही.

कार्ड अम्मीच्या हातात पडलं. तिनं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "ये कौन है गे, इत्ते गुस्सेवाली? और धागा कायका? सिलाई का काम चालू की क्या तू?" मी तुझं नाव सांगितलं. तर म्हणाली, "वो दौलताबादवाली? उसकू बोल, आके झगडा कर. नान-कलिया बनाती मैं." म्हणजे भांडायला ये, आणि जेवून जा.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी संगणकावरून तुझ्या एप्रिलच्या सगळ्या रेघा काढल्या. पोटॅशियम झिरपलं असतं तर त्याच द्रावणातला तुझा कोरा दोराही दुमडायला हवा होता. तो सपाट आहे. दरवेळी सपाट. चकतीवालाच तेवढा उभा. हे मी पहिल्या पत्राआधी बघायला पाहिजे होतं, पण मला कारण सापडल्याचा इतका आनंद झाला होता की बघावंसंच वाटलं नाही.

तर इलेक्ट्रोडचं कारण गेलं. मी आधी चिडले. मग मला आतून बरं वाटलं. मग परत चिडले, कारण आता माझ्याकडं काहीच कारण उरलं नाही आणि तू तिकडं बसून हसत असशील.

मी पुन्हा केलं. या वेळी थोडं द्रावण वेगळं काढून त्यात इलेक्ट्रोड बुडवला आणि ते फेकून दिलं. चकती टाकली, ढवळलं, सगळे थांबतात तितकं थांबले, यंत्रावर लावलं. सपाट. तुझी चकती बसत नाही, गोळा करत नाही, नुसती तरंगते.

मॅडमना सगळं सांगितलं. इलेक्ट्रोडचंही. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता तुझी रेघ खरी आणि तिचीही खरी. दोन्ही खऱ्या कशा असतील?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग शोध," म्हणाल्या आणि उत्तरपत्रिका तपासायला लागल्या.

तू काय काय करतेस, एक एक पायरी लिहून पाठव. कंटाळा करू नकोस.

मुबश्शिरा


५ ऑक्टोबर, रविवार

सायली,

दुसऱ्या कार्डावर दोन ओळी आल्या, प्रगती आहे. "इलेक्ट्रोड मी वेगळ्या बीकरमध्ये सोडून चहाला जायचे. बाकी जे लिहिलंय तेच करते." पहिल्या वाक्याबद्दल माझा आरोप मागं घेते. दुसऱ्या वाक्याचा काही उपयोग नाही. तू लिहिलंयस, "मिसळून मोजले." तेच मीही करते.

या दिवसांत मी काय काय केलं ते ऐक, म्हणजे तुला हसायला होईल. तुझ्या हातची जुनी चकती संपत आली म्हणून नवी बनवली. तिचा तोच विटकरी रंग आला, पण काम तेच शून्य. पाणी बदललं. तू एप्रिलमध्ये केलं होतंस, तेव्हा प्रयोगशाळा भट्टी असते, म्हणून नमुना कोमट करून बघितला. तू ढवळताना काचेची नळी टकटक आपटायचीस ते आठवून मीही आपटली. शेजारच्या टेबलावरचा अतुल मला म्हणाला, "मॅडम, आता तिच्या ओढणीचा रंग पण आठवून बघा." मी त्याला बघून घेईन.

आज सकाळी दौलताबादला गेले. सीताफळं आणायला, असं अम्मीला सांगितलं. काकांनी तोंड बघूनच विचारलं, "बसली का चकती?"

"नाही काका. तुमच्या पोरीकडंच बसते, माझ्याकडं नाही."

"तिच्या हाताला गुण आहे," ते म्हणाले. "घरी पण दही तीच लावायची. तिची आई लावायची तर पातळ व्हायचं."

मी हसले. मग ते त्यांच्या नादात बोलत राहिले. तू संध्याकाळी खुलताबादच्या एसटीतून उतरायचीस, ते टोपल्या आवरत असायचे, आणि विचारायचे, झालं का काम. "ती रोज एकच सांगायची. आबा, मिसळून आले, आता सकाळी बघू. मी म्हणायचो, तिकडं पण दहीच लावती का काय. लई चिडायची."

सायली, माझ्या हातात सोललेलं सीताफळ होतं. ते मी टोपलीत परत ठेवलं. काका म्हणाले, "ए, ते कोण घेईल आता?"

तुझी एसटी निघायची वेळ झाली की तू मिसळायचीस आणि पळायचीस. मोजायचीस दुसऱ्या दिवशी सकाळी आल्यावर. माझ्याकडं स्कूटी. मला कुठली गाडी चुकत नाही, म्हणून मी मिसळते आणि त्याच बैठकीत मोजते. तू लिहिलंस, "मिसळून मोजले." मीही लिहिलं, "मिसळून मोजले." मध्ये अख्खी रात्र होती, ती तुला पायरी वाटली नाही. कशी वाटेल? ती तर एसटीची वेळ होती.

मी तिथूनच सुटले. पडेगावपर्यंत स्कूटी कशी हाणली ते अम्मीला कळू देऊ नकोस. इथं येऊन तीन नमुने लावले. एकात कोरा दोरा. एकात तुझी चकती घातलेला दोरा. तिसऱ्यातही चकती, पण दोरा असा की अक्षरं तीच आणि क्रम विस्कटलेला, ज्याचा मिनार होऊच शकत नाही. इलेक्ट्रोड कपाटात, कपाटाला कुलूप. तिन्ही झाकून ठेवलेत.

आत्ता संध्याकाळ आहे. यंत्र समोर आहे, चालू आहे, आणि मी हात लावणार नाही. तुला हे दररोज कसं जमायचं? मी घरी चालले. पत्र बंद करत नाही.


६ ऑक्टोबर, सकाळी

उभा आहे.

सायली, उभा आहे तुझा मिनार. कोरा सपाट. विस्कटलेला सपाट. चकतीवाला असा वर चढलाय की मी यंत्राची काच पुसून परत बघितलं. काल तोच नमुना मिसळल्यावर लगेच एक थेंब मोजला असता तर सपाट आला असता, मी हे इतके महिने करतच होते. तुझी चकती काम करते, पण सावकाश. तिला घाई चालत नाही.

मॅडम आल्या. मी पडद्याकडं बोट केलं.

"कोरा?"

"सपाट."

"विस्कटलेला?"

"सपाट."

"इलेक्ट्रोड?"

"कपाटात. किल्ली माझ्याकडं."

त्यांनी चष्मा काढला, परत लावला. "पुन्हा लाव. आणि या वेळी अतुलला लावू दे. तुला आता हा मिनार दिसायलाच हवाय, त्याला काही घेणंदेणं नाही." हे त्यांचं बरोबर होतं म्हणून मला राग आला. अतुलनं संध्याकाळी लावायचं ठरलंय. तोवर पाकीट उघडंच ठेवते.


७ ऑक्टोबर

अतुलच्याही हातून झालं. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या त्या मैत्रिणीला सांगा, ओढणीबद्दलचं मी मागं घेतलं."

मॅडम खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "फोन लाव तिला."

"तिनं मला ब्लॉक केलंय."

"मला नाही केलं." त्यांनी लावला. तुझ्या कारखान्यात फोन बाहेर ठेवायला लावतात, त्यामुळं तो वाजत राहिला. मॅडमनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तू पत्र लिहितेसच. माझंही एक वाक्य घाल." वाक्य असं: "त्या तज्ज्ञांना मी आज कळवलं आहे. त्यांनी विचारलं होतं, दुसऱ्या कुणाच्या हातून झालं का. दोघांच्या हातून झालं."

मग त्यांनी स्वतः चहा केला. साखर विसरल्या. सगळ्यांनी तसाच प्यायला.

तू ये. नोव्हेंबरअखेर म्हटलं होतं ते लक्षात आहे ना? एवढंच.

मुबी


१७ ऑक्टोबर

सायली,

तुझं कार्ड. "कोऱ्यालाही रात्रभर ठेवलं होतंस ना? आणि आबांना सांगू नकोस, डोक्यावर बसतील."

पहिल्याचं उत्तर हो, कोऱ्यालाही, विस्कटलेल्यालाही. हे तू विचारणार म्हणून मी पैज लावली होती, अतुल हरला. दुसऱ्याला उशीर झाला. मी त्याच दिवशी जाऊन सांगितलं. काका आता किल्ला बघायला आलेल्या माणसांना सीताफळं मोजताना सांगतात, "माझ्या दह्यावर पोरीची पीएचडी चाललीय." एका पाहुण्यानं दही कितीला म्हणून विचारलं म्हणे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. लेखावर पहिलं नाव तुझं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं तेव्हा मीच आधी बोलले, म्हणजे त्यांना बोलायची वेळ आली नाही. माझं दुसरं. आणि पद्धतीच्या भागात आता स्वच्छ लिहिलंय, की नमुना रात्रभर ठेवावा. मॅडमनी विचारलं, रात्रभरच का, कमी वेळात नाही का होत? आम्ही दर तासाला मोजून बघितलं. उत्तर देणार नाही. इथं येऊन बघ.

एक मात्र खरं सांग. तुला तिकडं गोळ्या तपासायला आवडतं का? आवडत असेल तर मी गप्प बसेन, लेखाची प्रत पाठवीन आणि दिवाळीला काकांकडं फराळाला जाईन. पण कार्डावर कोऱ्या दोऱ्याची चौकशी करणारं माणूस तिकडं खूश असेल, असं मला वाटत नाही. खूश असतीस तर हवापाण्याचं लिहिलं असतंस.

अम्मी विचारते, "कब आती वो?" मी काय सांगू?

मुबी


९ डिसेंबर, सकाळ
यंत्राच्या काचेवर चिकटवलेली चिठ्ठी

सायले,

विद्यापीठाला 'मी आहे' असं कळवून, कारखान्यातला नोटिशीचा महिना पुरा करून तू आलीस, तर आल्यावर निदान घरी दोन दिवस झोपशील, असं मला वाटलं होतं. तू बॅग काकांच्या टोपल्यांजवळ टाकून सरळ इथं आलीस. मला मिठी मारलीस, लगेच म्हणालीस, "माझा कप का विटलाय?" आणि आठवडाभर खाली मान घालून निकेलच्या जागी तांबं घातलेली चकती बनवत बसलीस. तिकडं गोळ्या मोजताना सुचली म्हणे. निकेलवाली सावकाश करते, तांब्याची काय करेल, की करणारच नाही, ते कुणालाच माहीत नाही.

काल संध्याकाळी तू ती मिसळलीस, झाकलीस आणि एसटीकडं पळालीस. मी म्हटलं, स्कूटीवर सोडते, थांब, आत्ताच एकदा मोजून बघू. तू दारातून ओरडलीस, "हात लावू नको, दही मोडेल."

आता सकाळ झालीय. मी लवकर आलेय, का ते विचारू नकोस. नमुना समोर आहे, यंत्र गरम झालंय, प्रयोगशाळेत दुसरं कुणी नाही. एक बटण दाबलं की कळेल.

मी दाबलेलं नाही. तुझी गाडी येईपर्यंत खाली चहा सांगायला चाललेय. अम्मीनं डबा दिलाय, नान-कलिया, दोघींना पुरून उरेल. इलेक्ट्रोड कपाटात आहे, किल्ली माझ्या ओढणीला बांधलीय.

ये, मग बघू.

मुबी